रजा आणि खाडा

एकाच गोष्टीला दोन शब्द असणें हें भाषेच्या समृद्धीचें लक्षण मानण्याची आमच्या विद्वानांची रीत आहे. परंतु शब्दांच्या कांहीं जोड्या अशा असतात कीं, त्यांतून भाषेची श्रीमंती न दिसतां बोलणारांची वृत्ति तेवढी उघडी पडते. ‘रजा’ आणि ‘खाडा’ ही त्यांपैकींच एक जोडी होय. आम्ही कामावर गेलों नाहीं म्हणजे ती रजा. आमच्या घरीं भांडीं घासणारी बाई आली नाहीं म्हणजे तो खाडा. रजेचा अर्ज असतो, रजा शिल्लक असते, रजेचा पगार मिळतो. खाड्याची स्वयंपाकघरांतील कॅलेंडरावर एक फुली असते आणि महिनाअखेर वजाबाकी होते.

हें आम्ही दुसऱ्याचें उणें काढण्यासाठीं लिहीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आम्हांस ताप आला आणि आम्ही नऊ दिवस अंथरुणावर होतों. कचेरीनें डॉक्टरांचा दाखला घेतला व पूर्ण पगार दिला. त्याच महिन्यांत आमच्या मोलकरणीचा मुलगा आजारी पडला व तिचे चार दिवस चुकले. महिन्याच्या शेवटीं चार फुल्या मोजून तिचे पैसे कापणारा हात आमचाच होता, आणि तें करतांना आमच्या मनास यत्किंचितही टोचलें नाहीं. तिनें भांडण केलें असतें तर आम्हांस आमचें समर्थन सुचलें असतें. ती पैसे मोजून घेऊन मुकाट्यानें गेली, आणि त्या मुकाटपणानेंच आम्हांस विचार करावयास लावलें.

याविषयीं सुशिक्षित घरांत बोलणें काढलें म्हणजे एक उत्तर ठरलेलें असतें: “अहो, बाई तर आमच्या घरच्यासारखीच आहे!” दिवाळीला साडी दिली, मुलाच्या पुस्तकांना पैसे दिले, अडीअडचणीला उचल दिली, ही यादी मग ऐकावयास मिळते. ती खोटी नसते. या देण्यांतील माया खरी असते हेंही आम्ही मान्य करतों. परंतु घरच्या माणसाचे खाडे कोणी कापीत नाहीं, आणि घरच्या माणसाला ‘उद्यांपासून येऊं नको’ असें जिन्यांत उभें राहून कोणी सांगत नाहीं. मग ‘घरच्यासारखी’ या शब्दाचा उपयोग काय? त्याचा उपयोग एवढाच कीं, आम्ही मालक आहों हें आम्हांस कबूल करावें लागत नाहीं. साडी देणें न देणें आमच्या मर्जीवर असतें. रजेचा हक्क एकदां दिला म्हणजे तो तिच्या मर्जीवर जातो. आमची खरी अडचण येथें आहे.

सुटी ही गोष्ट या देशांत दयेनें मिळालेली नाहीं. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला, त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती आणि रजाही होती. गिरणीकामगाराला जें १८९० सालीं मिळालें तें मागण्यासाठीं त्या बायांना त्यानंतर नव्वद वर्षांनीं रस्त्यावर यावें लागलें, आणि ज्यांच्याविरुद्ध त्या आल्या ते कोणी भांडवलवाले नव्हते, आमच्यासारखे पांढरपेशे गृहस्थ होते.

कायद्यानें तिच्यासाठीं कांहींच केलें नाहीं असें नाहीं. २००८ सालीं महाराष्ट्रानें घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी झालेल्या बाईला अपघात, औषधोपचार, बाळंतपण, मुलांचें शिक्षण यांसाठीं मदत देण्याची त्यांत तरतूद आहे. परंतु ती मदत मंडळानें द्यावयाची. आठवड्याची सुटी किंवा काढण्यापूर्वी सूचना यांविषयीं मालकावर त्या कायद्यानें बंधन घातलेलें नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या एकोणतीस कामगार कायद्यांच्या जागीं चार संहिता अमलांत आल्या. त्यांत असंघटित कामगार म्हणून सामाजिक सुरक्षेच्या योजनांत तिला जागा आहे; पण औद्योगिक संबंधांच्या संहितेनें ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येंतून घरगुती चाकरी स्पष्टपणें वगळली आहे. गिरणींतून काढलेला कामगार ज्या न्यायाधिकरणापुढें दाद मागतो, त्याचें दार मोलकरणीला बंदच आहे. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार जिनीव्हा येथें २०११ सालीं संमत झाला तेव्हां हिंदुस्थानानें अनुकूल मत दिलें. त्यावर शिक्कामोर्तब मात्र केलेलें नाहीं.

घराच्या उंबरठ्याआंत कायद्यानें येऊं नये, असा आक्षेप कोणी घेईल. पण कायदा केव्हांच आंत आला आहे. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राहतें घर हेंही कामाचें ठिकाण मानतो आणि मोलकरणीला जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करूं देतो. उंबरठा आडवा येतो तो फक्त पैशाचा व रजेचा प्रश्न निघाला म्हणजे!

दुसरा आक्षेप परवडण्याचा. ‘परवडत नाहीं’ हें वाक्य कारखानदाराच्या तोंडून ऐकलें कीं आम्ही त्याला हसतों. आमच्या नोकरी करणाऱ्या लेकीसुनांना २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हां तें मालकाला परवडेल काय, अशी चौकशी आम्हीं केली नव्हती. आमच्या घरीं तर प्रश्न महिन्यांतून चार दिवस आपलीं भांडीं आपण घासण्याचा आहे.

तिसरी अडचण मात्र खरी आहे. बाई चार घरीं काम करते. सुटी द्यावयाची ती कोणी आणि कोणत्या दिवशीं? एका घरानें रविवार दिला आणि दुसऱ्यानें बुधवार, तर तिला एकही दिवस मोकळा मिळणार नाहीं. याला उपाय एकेकट्या घरापाशीं नाहीं, तो सोसायटीच्या सभेंत आहे. पाण्याच्या टाकीवर आणि वाहनांच्या जागेवर जी सभा दोन दोन तास वाद घालते, तिनें साऱ्या इमारतीसाठीं सुटीचा एक वार ठरविण्यास दहा मिनिटें पुरतील.

कायदा पुढेंमागें होईल, व्हावा, आणि त्यासाठीं सुशिक्षितांनीं आवाज उठवावा. पण तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. काम, वेळ व पगार लिहिलेला एक साधा कागद, त्याची एक प्रत तिच्या हातीं. आठवड्याची एक भरपगारी सुटी आणि आजारपणाच्या ठराविक रजा. न मागतां दर वर्षीं पगारवाढ. काढावयाचें झाल्यास एका महिन्याची सूचना किंवा तितका पगार. आणि मंडळाच्या नोंदणीसाठीं ती मालकाचें पत्र मागेल तेव्हां कांकूं न करतां सही. यांतील कोणतीही गोष्ट अशी नाहीं कीं जी आम्ही आमच्या नोकरींत आमचा हक्क म्हणून मागत नाहीं.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर ते चार दिवसांचे पैसे आम्हीं पुढील महिन्यांत परत केले. तिनें विचारलें, “हे कशाचे, सर?” त्यावर ‘तुमच्या रजेचे’ असें म्हणतांना आमची जीभ क्षणभर अडखळली. ‘बक्षीस’ म्हणणें आम्हांस सोपें गेलें असतें.