नवा कॉम्प्युटर आणि परिमाणाची वही



गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्मावरचं प्रवचन ऐकून मी घरी आले आणि लेकीशी भांडले. विषय होता कॉम्प्युटरचा.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबावं, देवपूजा आटोपून यावं, तेव्हा कुठे तो कामाला लागायचा. लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. तिने मोबाईलवर मला एक लॅपटॉप दाखवला, किंमत एक लाख वीस हजार. मी म्हटलं, "आत्ताच काय ऐकून आलो आपण? आहे त्यात भागवायला शीक."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, अपरिग्रह फक्त माझ्याच वस्तूंना लागू असतो का? एकदा तुझं कपाट उघडून बघ."

राग आलाच. पण दुपारी खरोखर कपाट उघडलं आणि साड्या मोजल्या. एकाहत्तर निघाल्या. त्यातल्या दोन तर पर्वात नेसायच्या म्हणून महिनाभरापूर्वीच घेतलेल्या. आकिंचन्याचं प्रवचन मी नव्या साडीत बसून ऐकलं होतं.

आज लिहायचं आहे ते याचसाठी. आपण बायका घरात धर्म सांभाळतो, याचा मला अभिमान आहे. पण कधी कधी काटकसर, भीती, नाहीतर "आम्हाला कुठे असं काही मिळालं" हे जुनं दुखणं, या सगळ्याला आपण अपरिग्रहाचं नाव देतो आणि ते दुसऱ्याच्या गरजेपुढे आडवं घालतो. मुलीच्या गरजेपुढे तर जरा लवकरच घालतो. व्रत स्वतःसाठी घ्यायचं असतं. दुसऱ्यावर लादलं की ते व्रत राहत नाही, नुसती मनाई होते.

सासूबाईंनी आमचं भांडण ऐकलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपली जुनी वही माझ्यापुढे ठेवली. तरुणपणी त्यांनी परिग्रह-परिमाणाचं अणुव्रत घेतलं, तेव्हाची ती वही. शास्त्रात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. त्या क्रमाने त्यांनी रकाने आखले होते. साड्या चाळीस. सोनं अमुक तोळे. तांब्या-पितळेची भांडी इतकी. आणि खाली, दहांत कुठे बसवावं ते न सुचल्यामुळे असेल, वेगळी ओळ: "रेडिओ, एक."

त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिले. त्यांनी रेडिओ नाकारला नव्हता. एक, एवढंच ठरवलं होतं, आणि ठरवलं होतं ते दुकानात जाण्याआधी. या अणुव्रतात मर्यादा आधी आखायची असते, ती ओलांडली की अतिचार. आपण मात्र आधी दुकानात जातो आणि मर्यादा तिथला माणूस ठरवतो.

क्षमावाणीच्या दिवशी मी लेकीकडे आधी क्षमा मागितली. मग तिघींनी बसून कागदावर लिहून काढलं, कॉम्प्युटर कुणाला आणि कशासाठी लागतो ते. यादी झाल्यावर चित्र आपोआप स्पष्ट झालं.

माझं काम मंदिराच्या महिला मंडळाचा हिशोब, पत्रं, थोडं लेखन. सासूबाईंचं काम प्रवचनं ऐकणं. यांचं बँकेचं आणि कराचं. या कामांना नवा कॉम्प्युटर लागतच नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की असे जुने कॉम्प्युटर रखडतात ते बहुतेक हार्ड डिस्कमुळे, कारण तिच्या आत तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत हिंडते. तिच्याजागी एसएसडी बसवली की फिरणारं काही उरत नाही. एसएसडी, आणखी चार जीबी रॅम आणि मजुरी धरून आम्हाला साडेसात हजार लागले. आता तो मिनिटभराच्या आत सुरू होतो. नऊ वर्षं ज्याला आम्ही म्हातारा म्हणत होतो, त्याचा फक्त गुडघा दुखत होता.

लेकीचं काम मात्र वेगळं. त्रिमितीय आराखड्यांसाठी ती जी सॉफ्टवेअर शिकते, त्यातल्या रेव्हिटला कंपनीच किमान सोळा जीबी रॅम मागते. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता. म्हणजे त्यानंतर सुरक्षेची अपडेट नेहमीसारखी येणार नाहीत. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आमचा सहाव्या पिढीचा. कितीही दुरुस्त केला तरी तो तिच्या कामाचा होणार नव्हता. "आहे त्यात भागव" हे माझं वाक्य तिच्या बाबतीत चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला पाच मिनिटं विचारून कळलं असतं.

म्हणून ठरलं, लॅपटॉप घ्यायचा. पण वहीत आधी लिहून: एक, आणि पंचाहत्तर हजारांच्या आत. लेकीनेच मग शोध घेतला. एक लाख वीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये रंगीत दिवे आणि खेळांसाठीची करामत जास्त होती, हे तिचं तिलाच दिसलं. दुकानदाराला तिने एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही विचारा: "यातली रॅम पुढे वाढवता येते का, की बोर्डावरच सोल्डर केलेली आहे?" पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती सोल्डर केलेली असते. मग दोन-तीन वर्षांनी गरज वाढली तर सगळी वस्तूच बदलावी लागते. जे उघडता येतं, दुरुस्त होतं, ते घ्यावं. एक लॅपटॉप जितकी जास्त वर्षं चालेल, तितकी जमीन कमी खोदली जाईल. तांबं, सोनं, लिथियम, कोबाल्ट हे सगळं खाणीतूनच येतं, आणि एकेंद्रिय जीवांचा विचार आपण फक्त कंदमुळापाशी थांबवून चालत नाही.

दुकानदार म्हणत होता, "आत्ताच घ्या ताई, भाव वाढणार आहेत." पुढे रॅमचे भाव खरंच खूप वाढले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी प्रचंड लागते, त्याचा परिणाम. तरीही माझं मत बदललेलं नाही. भाव वाढणार म्हणून गरज निर्माण होत नाही. गरज असेल तर लवकर घ्यावं, एवढंच.

आता जुन्याचं. विंडोज १० चा आधार संपल्यावर त्याच्यावर बँकेचं काम करणं यांना पटेना. तेही बरोबरच. ती कामं आता लेकीच्या लॅपटॉपवर रविवारी होतात, आणि माझ्या हिशोबाचीही तीच सोय झाली. सासूबाईंना प्रवचनाला मोबाईल पुरतो. मग जुना कशाला ठेवायचा? दुकानदार त्याचे दोन हजार द्यायला तयार होता. आम्ही तो पाठशाळेला द्यायचं ठरवलं. त्याच्यावर लिनक्स मिंट घातलं, ते विनामूल्य असतं आणि मराठीतही चालतं. लिहायला लिबरऑफिस. मुलांच्या कामाला एवढं पुष्कळ.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. बिघडलेली वस्तू मंदिरात नेऊन ठेवणं म्हणजे दान नाही. फाटकी साडी देऊन आपण पुण्य मोजत नाही, मग बंद पडलेला कॉम्प्युटर, रंग उडालेला पंखा पाठशाळेच्या कोपऱ्यात का साचतो? द्यायचं ते चालतं करून द्यावं. आपले फोटो, बँकेचे कागद काढून घ्यावेत, आतलं सगळं पुसून द्यावं. आणि जे खरंच निकामी आहे, ते भंगारवाल्याला देऊ नये. तिथे तारा जाळून तांबं काढतात, बोर्डावर आम्ल ओतून सोनं काढतात, आणि तो धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, अधिकृत पुनर्वापर केंद्रं आहेत. आमची जुनी हार्ड डिस्क तिकडेच गेली.

कॉम्प्युटर न्यायला पाठशाळेची मुलं आली तेव्हा मला वाईट वाटलं. सहा महिन्यांपूर्वी मीच त्याला शिव्या देत होते, आणि आता हात सुटेना. पर्वात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो. त्यात परिग्रहाचं मूळ वस्तूत नाही, वस्तूविषयीच्या ममत्वात सांगितलं आहे. ते मला त्या दारात उभं राहून कळलं. एक लाख वीस हजारांच्या लॅपटॉपवर लेकीचं मन होतं, तसंच या जुन्या डबड्यावर माझं होतं. माझं स्वस्त होतं, एवढाच फरक.

साड्यांचं विचाराल तर वहीत मी पन्नास लिहिलं आहे. अजून आठ जायच्या आहेत. कुठल्या, ते लेक विचारत असते, आणि मी "बघू" म्हणते.