सफाईचा खर्च पॉलिसीत बसतो का?

कारखान्याखालची माती आणि भूजल रसायनांनी नासते, हरित लवाद ते पूर्ववत करायला सांगतो आणि विमाधारक पॉलिसी घेऊन आपल्याकडे येतो. हा खर्च मिळणार की नाही, हे त्या क्षणी पॉलिसीत शोधावे लागत असेल, तर चूक अंडररायटिंगच्या टेबलावर आधीच झालेली असते.

अमेरिकेत 1980 च्या सुपरफंड कायद्याने जुन्या जागांच्या सफाईचा भार कंपन्यांवर टाकला, तेव्हा कपाटांतल्या जुन्या दायित्व पॉलिसी बाहेर निघाल्या. सरकारी आदेशावरून केलेला खर्च ‘नुकसानभरपाई’ ठरतो का, इथूनच भांडण सुरू झाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये विमाधारकाच्या बाजूने कौल दिला.

मॉर्टन इंटरनॅशनल या कंपनीचा खटला मात्र आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा. प्रकरण न्यू जर्सीतल्या बेरीज क्रीकमधल्या पाऱ्याच्या प्रदूषणाचे. 1970 च्या सुमारास विमा कंपन्यांनी ‘अचानक आणि अपघाती’ घटना सोडून बाकी प्रदूषण पॉलिसीबाहेर ठेवले. नियामकांना सांगितले, की हे निव्वळ स्पष्टीकरण आहे, संरक्षण घटत नाही. हप्ताही घटवला नाही. पुढे दावे आले, तेव्हा हळूहळू झिरपलेल्या प्रदूषणाला त्यांनी नकार दिला. 1993 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना त्या जुन्या शब्दाला बांधले. तरीही मॉर्टनला पैसे मिळाले नाहीत, कारण तिने प्रदूषक जाणूनबुजून सोडले होते. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष रास्त आहेत.

भोपाळनंतरचा आपला 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा मृत्यू, इजा आणि मालमत्तेच्या हानीपुरता. मूळ अनुसूचीत मालमत्तेसाठी कमाल 6,000 रुपये होते. हरित लवाद मात्र 2010 च्या कायद्याच्या कलम 15 नुसार पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकतो. या दोन कायद्यांमधली दरी ऐच्छिक पॉलिसीने भरायची, तर तिथे प्रदूषण हे जास्तीचा हप्ता भरून घ्यायचे संरक्षण असते, तेही बहुधा अचानक घडलेल्या घटनेपुरते. औद्योगिक वसाहत तारापूरची असो की लोट्याची, जुन्या टाकीची गळती मात्र वर्षानुवर्षे चालते.

म्हणून एजंट, ब्रोकर आणि अंडररायटर मित्रांना आग्रहाची विनंती: नूतनीकरणाच्या वेळी संथ गळती, कारखान्याची स्वतःची जमीन आणि सरकारी आदेशावरून होणारी सफाई यांपैकी काय पॉलिसीत आहे आणि काय नाही, ते हप्ता घेण्यापूर्वी विमाधारकाला मराठीत, लेखी द्या.