विज्ञानकथेचे वेडे

चित्रपटांत किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकांत विज्ञानकथांचा भोक्ता दाखवावयाचा झाला, कीं त्याचें सोंग ठरलेलेंच असतें: जाड भिंगांचा चष्मा, विस्कटलेले केस, चार माणसांत बोलावयाची चोरी, आणि डोकें सदैव मंगळावर! ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकन मालिकेनें २००७ ते २०१९ अशीं बारा वर्षें याच सोंगावर जगास हंसविलें. त्याच्या मुळाशीं कांहींच नाहीं, असेंहि नव्हे. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें विज्ञानकथाप्रेमींचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेव्हां फॉरेस्ट ॲकरमन हे गृहस्थ भविष्यकाळचा पोशाख चढवूनच आले होते. वेषाचें चित्र काढणें सोपें. वेषामागील कुतूहलाचें चित्र काढतां येत नाहीं.

आमच्याकडील मेळावे मात्र निराळे. मराठी विज्ञान परिषदेच्या अधिवेशनांस व पुण्यांतील विज्ञानकथेवरील परिसंवादांस आम्ही अनेकदां गेलों आहों. तेथें चमत्कारिक पोशाख आढळले नाहींत. आढळले ते पेन्शनर, शाळामास्तर, बँकेंतील काम आटोपून आलेले गृहस्थ आणि नातवाचा हात धरून आलेल्या आजीबाई. आणि वाद कशावर? तर मनुष्याचें काम यंत्रानें घेतल्यावर त्याच्या घरची चूल कशी पेटावी, आणि आयुर्मर्यादा दीडशें वर्षें झाली तर सासवासुनांचें कसें जमावें, यांवर! यास संसारापासून पळ काढणें म्हणावयाचें काय?

१९७४ सालीं याच परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजेच डॉ. जयंत विष्णु नारळीकर! ख्यातीचा प्रभाव परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं आद्याक्षरें उलटीं केलीं, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. मंगलाबाई स्वतः गणिताच्या विदुषी. पुढें २०२१ सालीं नाशिकच्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद याच लेखकाकडे आलें.

तेव्हां घरांतील एखादें मूल पाटावर बसूनहि ग्रहताऱ्यांच्या गोष्टींत गुंगलें असेल, तर ‘खालीं उतर’ म्हणून हंसण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं ‘काय वाचतोस?’ असें तरी विचारावें. थट्टेनें वेड जात नाहीं. तें लपतें, आणि मूल खरोखरच एकलकोंडें होतें. मालिकेंतील सोंग मग आपणच आपल्या घरीं घडविलेलें असतें. पुढील मेळाव्यास त्यास एकटें धाडूं नये, आपणहि जावें.