कोठारे भरली, वाड्या ओस

मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले, तेव्हापासून आपल्या अन्नधोरणाचा विचार मुख्यतः गहू आणि तांदूळ या दोन धान्यांभोवती फिरत आला आहे. त्यास कारणही तसेच होते. परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहण्याची पाळी देशावर आली होती, आणि १९७२च्या दुष्काळातील मिलो व सुकडी महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला अजून आठवते. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग यांची स्थापना झाली. हमीभाव, सरकारी खरेदी, राखीव साठा आणि रास्त भावाची दुकाने यांच्या आधारे देश धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायांवर उभा राहिला. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तर या व्यवस्थेला हक्काचे रूप दिले. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा कायदेशीर हक्क मिळाला. प्राधान्य कुटुंबांतील माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३पासून विनामूल्य दिले जाते. ही कामगिरी लहान नाही.

परंतु धान्य म्हणजे अन्न नव्हे. कोठारात धान्य असूनही माणसे उपाशी मरू शकतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांच्या अभ्यासातून दाखवून दिले. १९९६च्या रोम येथील जागतिक अन्न परिषदेनंतर अन्नसुरक्षेची चार अंगे सर्वमान्य झाली: अन्न उपलब्ध असणे, ते माणसाच्या ऐपतीत असणे, ते अंगी लागणे आणि या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षे टिकणे. पहिल्या दोन अंगांची आपण बरीच काळजी घेतली. भाजी, फळे, डाळ, दूध व मासळी यांवर अवलंबून असणारे तिसरे अंग आणि जमीन व पाणी राखण्यावर अवलंबून असणारे चौथे, यांच्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. त्याचा परिणाम पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वसईपर्यंत गेले तरी पुरे.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे मुंबईची परसबाग होता. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव या गावांतील वाड्यांमध्ये केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला पिकत असे. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी ही तर आगाशी परिसराची खासियत. पहाटेच्या गाडीने वसईची भाजी मुंबईच्या बाजारात उतरत असे. या शेतीचा सारा आधार गोड्या पाण्यावर होता. पावसाचे पाणी बावखलांत साठे, जमिनीत मुरे, विहिरीत उतरे आणि रहाटाने वाडीत फिरे. समुद्र आणि खाडी हाकेच्या अंतरावर असताना विहिरी गोड राहत, त्या या जिरलेल्या पाण्यामुळे.

ही घडी शहरीकरणाच्या रेट्याने विसकटली. बावखले बुजली, सखल जागांवर भराव पडले, उपसा वाढला आणि विहिरींत खारेपणा शिरला. धोक्याची सूचना वेळीच मिळाली नाही असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली होती. तरी १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ मध्ये महापालिका आली, आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेली, तेव्हा पाणी मुरण्याच्या जागा बुजवल्याचा हिशेब निसर्गाने मांडला.

पाण्याची कथा याहून बोलकी आहे. वाढत्या शहराची तहान भागवण्यासाठी सूर्या प्रकल्पाचे पाणी आणण्यात आले. हा प्रकल्प मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड भागातील शेतीसाठी होता. म्हणजे वसईची वाडी गेली आणि तिच्या जागी आलेल्या वस्तीसाठी आदिवासी शेतकऱ्याच्या पाटातले पाणीही वळले. याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचे कुपोषण १९९२च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून महाराष्ट्राला ठाऊक आहे.

विशेष म्हणजे या व्यवहाराविरुद्धचा शब्द अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिलेला आहे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अन्नोत्पादनाखालील जमीन व पाणी अनाठायी अन्यत्र वळवण्यास प्रतिबंध हे एक उद्दिष्ट म्हणून नमूद आहे, आणि कलम ३१ने ते क्रमाक्रमाने गाठण्यासाठी झटण्याची जबाबदारी शासनसंस्थांवर टाकली आहे. शिधापत्रिकेची चर्चा रोज होते. ही अनुसूची कोणी उघडून पाहत नाही. अन्नखाते धान्य वाटते, नगरविकास खाते जमीन वाटते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

कोणी म्हणेल, नालासोपाऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या श्रमिकाला आधी घर हवे, केळीची बाग नको. आक्षेप रास्त आहे. पण भाजी महागते तेव्हा पहिली कात्री त्याच श्रमिकाच्या ताटाला लागते. जवळची वाडी संपली की त्याची भाजी घाट उतरून येते, आणि घाटावर अवकाळी पाऊस झाला की तिचा भाव भडकतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: वाडी परवडत नाही म्हणून शेतकरीच ती विकतो. हेही खरे. शहराला मोकळी हवा आणि मुरलेले पाणी मिळावे म्हणून एकट्या वाडीवाल्याने तोटा सोसावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हिरवा पट्टा नुसता नकाशावर रंगवून टिकत नाही. त्यात पिकलेल्या मालाला गिऱ्हाईक लागते.

हे गिऱ्हाईक शासनाच्या हाती आहे. शाळांतील पोषण आहार आणि अंगणवाड्यांचा आहार हाही अन्नसुरक्षा कायद्याचाच भाग आहे. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत बालकांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद झाली. त्या केळ्यांची बाग याच जिल्ह्यात असावी, यात अशक्य काय आहे? ब्राझीलने २००९च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. पालघर जिल्ह्यात वसईची केळी व भाजी आणि जव्हारची नाचणी व वरी यांची अशी हमीखरेदी झाली, तर मुलाचे ताट भरेल आणि वाडीही राहील. जोडीला शिल्लक बावखलांची नोंद करून त्यांना संरक्षण द्यावे, आणि सूर्येच्या पाण्यातील शेतीचा वाटा आधी ठरवून मग शहराचा ठरवावा.

सिडकोच्या विकास आराखड्याचा कालखंड २०२१पर्यंतचा होता. पुढल्या आराखड्यात निवासी, औद्योगिक आणि व्यापारी जमिनीचा हिशेब होईलच. अन्नाच्या जमिनीचाही व्हावा, असा आग्रह वसईकरांनी धरला पाहिजे. रिकामे कोठार एका चांगल्या पावसाने पुन्हा भरते. भरावाखाली गेलेली वाडी कोणत्याच पावसाने परत येत नाही.