उंदीर चालू लागला, पुढे काय?

इस्लापूरच्या बाजारात गादीवर बसलेल्या गृहस्थाचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नांदेड वेळेत गाठण्याचा. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. ती वेळ टळली की बहुतेकांच्या वाट्याला व्यायामोपचार आणि धीर एवढेच उरते. म्हणूनच संप्रेरकाच्या उपचाराने पक्षाघाताचे उंदीर पुन्हा चालू लागले, अशी बातमी आली की अशा घरांत आशा पालवते.

बातमी खोटी नसते. उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी बारीक दोऱ्याने अडवून त्याला पक्षाघात आणतात. मग फिरत्या दांड्यावर तो किती वेळ तोल सांभाळतो, पंजाची पकड किती, हे मोजतात. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात डोनाल्ड स्टाइन यांच्या गटाला प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उंदरांच्या हालचालींत सुधारणा आढळली. रक्तपेशी वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटिननेही प्राण्यांत अशीच आशा दाखविली होती. परंतु जर्मनीत ५२२ रुग्णांवर त्याची कसोटी झाली आणि २००९ मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा लाभ तर दिसला नाहीच. उलट औषध मिळालेल्यांत मृत्यू अधिक होते.

प्रयोगशाळेतील उंदीर बहुधा तरुण आणि निरोगी असतो, पक्षाघाताचा क्षणही ठरलेला असतो. माणूस मात्र वयस्क, मधुमेही, रक्तदाबाचा. दुसरे कारण अधिक बोचणारे आहे: अनेक प्रयोगांत कोणत्या उंदराला औषध दिले हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक होते. अपेक्षा असली की डोळ्यांना सुधारणा दिसतेच!

जैन घरात येथे आणखी एक प्रश्न उठतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १७ वे कलम सांगते की शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत आणि करायचेच तर मोठ्या प्राण्यांऐवजी ससे-उंदीर यांसारखे लहान प्राणी वापरावेत. जैन गणनेत मात्र उंदीर आणि हत्ती दोघेही पंचेंद्रियच. तरीही औषधच नाकारणे हे सोपे उत्तर नव्हे. गुठळी विरघळविणारे ते इंजेक्शनही माणसाआधी सशांवरच पारखले गेले होते. पण ज्या प्रयोगाची मांडणीच सदोष, त्यात जीव जातो आणि रुग्णाच्या हाती काही येत नाही. श्रावकाच्या व्रतांत अशा निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड हे नाव फार पूर्वीच मिळालेले आहे.

संशोधनासाठी देणगी मागायला संस्था व्यापाऱ्यांच्या दारी येतात. धनादेश लिहिण्यापूर्वी त्यांना दोन गोष्टी विचारता येतील: किती प्राणी लागणार, आणि मोजणाऱ्यापासून औषधाची चिठ्ठी लपविली जाणार की नाही?