अर्थ विचारायचा नसतो!

शब्दांच्या खेळात मोबाइलला शब्द विचारणे ही लबाडी आहे. आणि ती लबाडी आहे हे मनात ठाऊक असलेली माणसेही आता तिला लबाडी म्हणायला तयार नाहीत, अशी माझी तक्रार आहे. सणासुदीला तक्रार घेऊन येणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. पण फराळाचे ताट पुढे असले म्हणजे माणसे जरा क्षमाशील होतात, या भरवशावर लिहीत आहे.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणी झाली, जेवणे झाली आणि भाच्याने स्क्रॅबलचा पट मांडला. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिशवीत १०० सोंगट्या असतात. दोन कोऱ्या, बाकीच्यांवर एकेक इंग्रजी अक्षर. प्रत्येकाने सात घ्यायच्या आणि २२५ घरांच्या पटावर एकमेकांत गुंतणारे शब्द लावायचे. 'ई'च्या सोंगट्या १२, म्हणून तिला गुण एक; 'क्यू' एकच, म्हणून तिला १०. तर आमच्या चिरंजीवांनी पटाच्या कडेला एफ, ए, क्यू, आय, आर अशी पाच अक्षरे मांडली. १७ गुणांचा शब्द तिप्पट होऊन ५१!

"अरे, हा कुठला शब्द?" मी विचारले.

"फॅकर."

"म्हणजे काय?"

"मामा, तू अर्थ काय विचारतोस? अर्थ विचारायचा नसतो. शब्द आहे की नाही, एवढंच बघायचं." आणि मांडीखालचा फोन काढून त्याने माझ्यापुढे धरला. त्यात त्याने आपली सात अक्षरे भरली होती, आणि यंत्राने त्यांतून होणारे सगळे शब्द गुणांच्या उतरत्या क्रमाने ओळीने मांडून दिले होते. त्याने वरचा उचलला होता.

वाचकहो, तो शब्द 'फकीर' होता! अरबीतून निघून, फारशीच्या वाटेने मराठीत येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आपला फकीर. तो इंग्रजी कोशातही जाऊन बसला आहे, ही केवढी गमतीची गोष्ट! आणि ज्या मुलाने तो शब्द घरीदारी शंभरदा ऐकला आहे, त्याने तो हातात धरला, पटावर ठेवला, त्याचे ५१ गुण घेतले. आणि त्याला ओळखले मात्र नाही. मला राग आला तो हरल्याचा नव्हे. (थोडासा हरल्याचाही आला, खोटे कशाला बोलू?)

हा खेळ काढला अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या स्थापत्यकाराने. १९३० नंतरच्या मंदीत त्याचे काम गेले होते. वर्तमानपत्रांची पाने पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने मोजले आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या ठरवली. १९४८ साली त्याला स्क्रॅबल हे नाव मिळाले. 'एस' हे अक्षर इंग्रजीत पावलोपावली येते, तरी त्याच्या सोंगट्या चारच. का? तर शब्दामागे 'एस' चिकटवून अनेकवचन केले की झाले, इतका खेळ सोपा होऊ नये म्हणून. म्हणजे ज्याने खेळ केला त्याने अडचण हिशेबाने मोजून घातली आहे, आणि आपण ती बोटाच्या एका टिचकीने काढून टाकतो. मग उरते काय? सोंगट्या मांडण्याचे श्रम.

आमच्या बहिणीचे म्हणणे असे की, यामुळे मुलांचे इंग्रजी वाढते. मुळीच वाढत नाही. हातात ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात अक्षरे आली आणि मूल ती मागेपुढे सरकवीत बसले, तर त्यातून 'रिटेन्स' निघतो, 'नॅस्टिअर' निघतो, 'रेटिनाज'ही निघतो. शेवटी 'ई-आर' बसते का, 'एस' मागे टाकता येतो का, हे पाहता पाहता त्या भाषेची हाडे हाताला लागतात. 'क्यू' आला आणि 'यू' नाही, म्हणून कपाळाला हात लावलेला मुलगा 'क्यूआय' हा दोन अक्षरी शब्द शोधून काढील, तर तो उच्चारी 'ची' आहे आणि चिनी लोक जीवनशक्तीला तसे म्हणतात, हे तो जन्मात विसरणार नाही. यंत्राने दिलेली चाळीस शब्दांची यादी रात्री झोपेपर्यंतही टिकत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते! २०२४ साली त्याने स्पॅनिशमध्येही तेच केले. तेव्हा अर्थावाचून अडते कुठे? कुठेच नाही, हे मी कबूल करतो. त्या गृहस्थाला माझा साष्टांग नमस्कार. पण त्याने शब्दकोश डोक्यात भरला होता, मांडीखाली ठेवला नव्हता.

मी धुतल्या तांदळासारखा आहे असे नाही. लहानपणी गाण्याच्या भेंड्यांत 'ठ' आणि 'ढ' यांची मला धास्ती असे. ('ण' आणि 'ळ' यांच्यावर तर शब्दच सुरू होत नाही, तिथे 'न' आणि 'ल' यांवर तडजोड व्हायची.) म्हणून 'ठ'च्या गाण्यांची चिठ्ठी मी चड्डीच्या खिशात ठेवीत असे. एकदा मावशीने ती पकडली आणि सगळ्यांदेखत मला ती सगळी गाणी म्हणायला लावली. त्यांतले एकही पूर्ण येत नव्हते. शरमेने मान खाली गेली. पण कोणी असे म्हणाले नाही की, गाणे आहे ना, मग झाले!

तर माझा नियम असा. फोन दुसऱ्या खोलीत. शब्द लावणाऱ्याने अर्थ सांगावा; न आला तर पटावर शब्द ठेवल्यानंतर, आधी नव्हे, कोश उघडून तो सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच गुण घ्यावेत. खेळ लांबेल. लांबू द्या, सुट्टीच आहे. असे वाचतानाच घरच्या पोरांना कळेल की, इंग्रजांचा 'मंगूज' म्हणजे आपले मुंगूस, आणि कोशकार त्याचे मूळ मराठीपर्यंत नेतात. आठ अक्षरांचा शब्द आहे, पटावर एखादे अक्षर आधीपासून असेल तर लागतोही.

या भाऊबीजेला मी ओवाळणीबरोबर जाडजूड कोश पिशवीत घालून नेणार आहे. बहिणीला तसे कळवले आहे. भाच्याने उलट निरोप धाडला आहे की, मामाने चष्माही आणावा, त्यातली अक्षरे फार बारीक असतात.