मोरीखालचे पाणी

दिवाळी आली की घरांच्या जणू अंगात येते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, गाद्या उन्हात पडतात, पंख्यांची पाती पुसली जातात, आणि एरवी वर्षभर कुणी ढुंकून न पाहिलेल्या कपाटामागच्या कोळिष्टकांचीसुद्धा गय होत नाही. पण वाचकहो, या साऱ्या धामधुमीत बेसिनच्या पोटाखाली किंवा फ्लशच्या टाकीमागे वाकून पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दिसते ते लखलखीत आणि दिसत नाही ते देवाच्या भरवशावर, असा आपला रिवाज. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातली माणसे एकामागून एक अभ्यंगाला बसत असताना, न्हाणीघरात घोट्याइतके पाणी तुंबते, आणि यजमान उटणे लावलेल्या अंगानेच नळवाल्याचा नंबर शोधू लागतात.

नळवाला त्या दिवशी मिळत नाही. त्याच्याही घरी दिवाळी असते. शिवाय आपल्या मोठ्या शहरांतला नळवाला पुष्कळदा ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला निघतो. तिथल्या पट्टामुंडाईच्या परिसरातून नळकामाचे कारागीर देशभर इतके पांगले आहेत की, या विद्येची सरकारी संस्थाच तिथे उभी राहिली आहे. असा आपला कारागीर सुटीला गावी गेला, तर तो पुण्यामुंबईपासून हजार किलोमीटरहून दूर असतो, आणि न्हाणीतले पाणी काही त्याची वाट पाहत थांबत नाही. म्हणून चकल्या-अनारशांच्या कृती शेजारच्या पानांवर सोडून यंदा मी या न दिसणाऱ्या पाण्याविषयी लिहायचे ठरवले आहे.

तुंबण्याचे कारण आधी पाहू, कारण दिवाळीत ते आपण आपल्या हातांनीच तयार करतो. तळणीची कढई धुताना तेल कोमट असते, तेव्हा ते बिनतक्रार वाहून जाते आणि आपल्याला वाटते, गेले. ते कुठेही गेलेले नसते. चार हात पुढे, भिंतीतल्या गार नळीत, ते आतून लेपासारखे धरते. तूप आणि वनस्पती तर लगेचच थिजतात. त्या लेपाला मग चहाचा चोथा चिकटतो, भाताची शिते चिकटतात, कणकेचा लगदा चिकटतो, आणि बेसिनची दीड इंचाची नळी दर सणाला थोडी थोडी अरुंद होत जाते. न्हाणीची कथा याहून वाईट. अभ्यंगाचे तेल, उटण्यातले मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ आणि न्हाताना गळणारे केस हे तिघे एकत्र आले की नळीत जी वात वळली जाते, तिच्यापुढे भल्याभल्या नळवाल्यांची तार वाकते.

उपाय अगदी साधा आहे, आणि तो तुंबण्याआधी करायचा आहे. कढई, झारा, तुपाचे पातेले धुण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावे आणि तो कागद केरात टाकावा. उरलेले तळणीचे तेल बाटलीत भरून ठेवावे, मोरीत ओतू नये. न्हाणीच्या जाळीवर त्या दिवसापुरता विरळ फडक्याचा तुकडा अंथरावा. सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर त्यात साठलेला लगदा पाहिलात, की हे सारे दरवर्षी कुठे जात होते या विचाराने अंगावर काटा येईल. शेवटी कपडे धुण्याची पूड घातलेले बादलीभर कढत पाणी सोडावे. कढत म्हणते आहे, उकळते नव्हे. पीव्हीसीच्या नळ्यांना उकळते पाणी सोसत नाही, त्या मऊ पडतात आणि त्यांचे सांधे सुटतात.

सोडा आणि व्हिनेगर ओतण्याचा उपाय हल्ली फार बोलबाल्यात आहे. फेस भरपूर येतो, मनाला बरे वाटते. पण आंबट आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि मागे राहते ते बहुतेक खारट पाणी. त्याने चरबीचा गठ्ठा हलत नाही. याने नुकसान तरी नाही. खरे नुकसान होते ते घाईने बाटलीतले आम्ल ओतल्यावर, ते चालले नाही म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांचे. या दोहोंच्या संगतीने क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना काय करतो, ते डॉक्टरांना विचारावे. ही दोन औषधे एका दिवशी एका मोरीत कधीही घालू नयेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा मजकूर लिहायला घेतला, तिच्याकडे वळते. प्रत्येक बेसिनखाली नळी एकदा खाली वाकून पुन्हा वर चढते, ते वळण तुम्ही पाहिले असेल. न्हाणीच्या जाळीखालीही तशीच योजना असते. तिला आपल्याकडचे इंजिनिअर इंग्रजीत बोलतानाही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीने त्यांच्या शास्त्रात मिळवलेली ही जागा मला मोठी मौजेची वाटते. त्या वाकणात नेहमी थोडे पाणी उभे असते, साधारण दोन इंच खोल. हे पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधला दरवाजा. शौचकूपाच्या नळीला असे वळण देण्याची युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली पेटंट करून घेतली, आणि आज आपण निजायच्या खोलीला लागून शौचालय बांधू शकतो ते त्या दोन इंच पाण्याच्या जिवावर.

हा दरवाजा मोडत नाही, सुकतो. पाहुण्यांसाठी राखलेल्या न्हाणीघरात महिनोन्‌महिने कुणी पाणी ओतत नाही. वाकणातले पाणी हळूहळू उडून जाते आणि गटाराची हवा, झुरळे आणि पुढचे सगळे सरळ घरात. ‘दुर्गंधी येते’ म्हणून आपण उदबत्ती लावतो! २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ अशी काही पसरली की, एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या एका वसाहतीतले ३२१ रहिवासी आजारी पडले, पैकी पुष्कळसे एकाच इमारतीतले. तपासात जी कारणे पुढे आली, त्यात न्हाणीघरांच्या फरशीतले हे सुकलेले ट्रॅप प्रमुख होते. रहिवासी फरशी फडक्याने पुसत, पाणी ओतून धूत नसत. पाण्याचा दरवाजा नाहीसा झाला, न्हाणीघरातले पंखे सांडपाण्याच्या नळीतली हवा आत ओढू लागले, आणि हवेबरोबर विषाणूही आले. एका तांब्याभर पाण्याची ही किंमत.

तेव्हा भाऊबीजेला माहेरी किंवा सुटीत कोकणात निघण्यापूर्वी, कुलूप लावायच्या आधी, घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. फार दिवस बाहेर राहणार असाल तर वरून चमचाभर गोडे तेल सोडावे. तेलाचा पातळ पडदा पाण्याला लवकर उडू देत नाही. (मघाशी तेल ओतू नका म्हणणारी हीच ना, असे कुणी म्हणेल. चमचा आणि कढई यांत फरक आहे, बरे का!)

पुण्याच्या वाचकांना कात्रजचा नळ ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून शहरातल्या हौदांपर्यंत आणले. त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते, हवेला वाट मिळावी आणि आतला गाळ काढता यावा म्हणून. म्हणजे बांधतानाच, पुढे कुणाला तरी आत उतरावे लागेल, याचा विचार केलेला होता. आमच्या सोसायट्यांत नळ्या भिंतीत गाडतात, वर गुळगुळीत फरशा बसवतात, आणि ट्रॅपचे झाकणसुद्धा सिमेंटखाली घालवतात. शोभा खरीच, पण गळती लागली की शोधायला छिन्नी-हातोडा. घराची डागडुजी काढणार असाल तर दोन गोष्टी मिस्त्रीला बजावून सांगा : प्रत्येक वळणाशी उघडता येईल असे झाकण ठेवायचे, आणि फरशा बसण्याआधी भिंतीतल्या नळ्यांचे फोटो काढून ठेवायचे. पुढे भिंतीत खिळा ठोकताना तेच फोटो उपयोगी पडतील.

गळत्या नळाविषयी थोडक्यात सांगते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी झाले, वर्षाचे दीड हजार लिटर. जुन्या पद्धतीच्या नळात हा बहुधा वायसरचा दोष असतो, आणि वायसर ही काही रुपयांची वस्तू आहे. पण आपण काय करतो, तर चावी आणखी जोराने आवळतो. त्याने वायसर चेचतो आणि खालची पितळी बैठकही खरवडली जाते, मग नळच बदलावा लागतो. फ्लशची टाकी आतल्या आत गळते आहे का, हे पाहायला जिलबीसाठी आणलेला खाण्याचा रंग चिमूटभर त्या टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गेली आहे. मीटर असेल तर रात्री सगळे नळ मिटून आकडा टिपावा. मधे कुणी पाणी वापरले नाही आणि पहाटे आकडा पुढे गेलेला दिसला, की पाणी कुठेतरी मुरते आहे.

साठवणीच्या टाकीची गोष्ट गंभीर आहे. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठराविक वेळीच येते. येते तेव्हा नळ्यांत दाब असतो, आणि गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते; पुरवठा थांबला की दाब नाहीसा होतो, आणि त्याच सांध्यातून बाहेरची ओल आत ओढली जाते. शेजारी ड्रेनेजचा चेंबर फुटका असेल, तर ती ओल कसली असते हे सांगायला नको. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे पाहुणे या वाटेने येतात. घरातही हीच चाल चालते : मोरीतल्या नळाला लावलेली रबरी नळी फिनेलच्या बादलीत बुडलेली राहिली आणि त्याच वेळी पाणी गेले, तर बादलीतले पाणी उलटे नळात शोषले जाऊ शकते. नळीचे तोंड नेहमी पाण्याच्या वर, हवेत राहील असे ठेवावे.

सोसायटीची जमिनीखालची टाकी वर्षातून निदान दोनदा उपसून घासून घ्यावी, आणि त्या वेळी तिच्या भिंतीला बाहेरून ओल पाझरते आहे का, हे स्वतः उतरणाऱ्या माणसाला विचारावे. सेक्रेटरींच्या कागदावर ‘साफ केली’ असे असते, तेवढ्यावर विसंबू नये. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट आहे ना, ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीला बारीक जाळी आहे ना, हे पाहायला आकाशकंदील लावण्याच्या निमित्ताने गच्चीवर जाताच आहात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडांना चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पिंपे आणि बादल्या आठवड्यातून एकदा नुसत्या रिकाम्या करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

राहता राहिला घराचा मुख्य कॉक. तो कुठे आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? रात्री दोन वाजता गिझरची नळी सुटली, तर यजमान फिरतीवर असताना सासूबाईंना किंवा शाळकरी मुलाला तो बंद करता आला पाहिजे. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही, किंवा जोर लावताच मान टाकतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा पुरा मिटावा, पुरा उघडावा, आणि उघडल्यावर किंचित मागे फिरवून ठेवावा, म्हणजे तो धरत नाही. फरशीच्या रंगाने तो झाकून गेला असेल तर त्याला लाल रंगाचा एक पट्टा द्यावा. दिवाळीत दाराला लावायचा रंग घरात आलेलाच असतो, त्यातला ब्रशभर पुरतो.